१६ सेकंदांची लाट

‘दक्षिण-नैऋत्य, २ मीटर, १६ सेकंद.’ जुलै-ऑगस्टमध्ये बालीत किंवा सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांवर सर्फिंगसाठी गेलेला माणूस सकाळी उठल्याबरोबर अंदाजातली ही ओळ वाचतो. पहिला भाग लाट कुठून येते ते सांगतो, दुसरा तिची उंची. बहुतेक जण उंचीपाशीच थांबतात. दोन मीटर म्हणजे माणसापेक्षा थोडी मोठी, एवढा हिशेब पुरेसा वाटतो. मुरलेला सर्फर मात्र आधी सेकंद बघतो. एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरीचा माथा यायला लागणारा हा वेळ, म्हणजे लाटेचा आवर्तकाल. लाट कुठे जन्मली, किती दिवस चालली आणि किनाऱ्याला लागल्यावर काय करणार आहे, हे सगळं या एका आकड्यात असतं.

इंडोनेशियातला सर्फिंगचा मुख्य हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे जुलैत तो ऐन मध्यावर असतो. गंमत म्हणजे ज्या लाटांसाठी जगभरातून लोक तिथे जमतात त्या तिथल्या नाहीतच. बालीच्या आसपास वादळ नसतं, आकाश निळं असतं, नारळाची झावळी जेमतेम हलत असते, आणि तरीही समुद्रावर रांगोळीच्या रेघांसारख्या एकामागून एक सरळ लाटा येत राहतात. त्यांचं माहेर हजारो किलोमीटर दक्षिणेला आहे. शाळेच्या भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ वाचल्याचं आठवत असेल. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवणारी जमीन जवळपास नाही, त्यामुळे पश्चिमी वारे पृथ्वीला वेढा घालत सुटतात. त्यांच्यात एकामागून एक वादळं तयार होतात. वारा जितका जोराचा, जितका वेळ आणि जितक्या लांब पाण्यावरून वाहील, तितक्या लाटा उंच होतात आणि त्यांचा आवर्तकालही वाढतो.

हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ४९ अंशांवर, केर्गुलेन नावाची ओसाड बेटं आहेत. तिथे एक वादळ झालं असं धरू. तिथून मेंतावाई बेटं सुमारे ५,९०० किलोमीटर. खोल समुद्रात लाटांचा समूह किती वेगाने सरकेल हे जवळजवळ पूर्णपणे आवर्तकालावर ठरतं. १८ सेकंदांच्या लाटा ताशी सुमारे ५० किलोमीटरने जातात, १५ सेकंदांच्या ४२ किलोमीटरने आणि १२ सेकंदांच्या ३४ किलोमीटरने. म्हणजे पहिल्या लाटा पाच दिवसांत मेंतावाईला लागतील, दुसऱ्या सहाव्या दिवशी आणि तिसऱ्यांना सात दिवसांहून जास्त लागतील. वादळात सगळा गोंधळ एकाच ठिकाणी होता. प्रवासात तो आपोआप निवडला जातो, सुपात धान्य पाखडल्यावर दाणे आणि फोलपट वेगळे व्हावेत तसा. किनाऱ्यावर पोहोचतो तो नीट रांगेतला, एकाच तालाचा समुद्र. अशा लांबून आलेल्या लाटांना ‘स्वेल’ म्हणतात. आवर्तकाल दिवसागणिक कसा उतरत जातो ते मोजलं, तर किनाऱ्यावर बसूनही वादळ किती लांब झालं असेल हे काढता येतं.

यात एक गोष्ट चटकन पटत नाही. समूह ताशी ५० किलोमीटरने सरकतो, पण त्यातली एकेक लाट त्याच्या दुप्पट वेगाने, ताशी १०० किलोमीटरने धावत असते. आषाढीच्या दिंडीची कल्पना करा. दिंडी आपल्या संथ चालीने चालली आहे आणि एक पोरगा शेवटच्या टोकापासून दुप्पट वेगाने पळत पुढे येतो, पताकेपाशी पोहोचतो आणि दिसेनासा होतो. तेवढ्यात मागून दुसरा निघालेला असतो. लाटा तशाच समूहाच्या शेपटाशी उमटतात आणि तोंडाशी विरतात. पाणी स्वतः तर प्रवासाला निघतच नाही. भाताच्या खाचरावरून वाऱ्याची लाट जाते आणि रोप जागेवरच राहतं, तसं ते जागच्या जागी गोल फिरतं. किनाऱ्यापर्यंत जाते ती ऊर्जा.

ती फारशी न गळता किती लांब जाते, याचा पुरावा अमेरिकन सागरशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मिळवला. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी उपकरणं लावून त्यांनी दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा अख्ख्या पॅसिफिकभर माग काढला. वादळाचा परिसर सोडल्यावर लांब आवर्तकालाच्या लाटांची झीज अगदीच किरकोळ होते, असं त्यांना दिसलं. लाटांचा अंदाज बांधण्याचं शास्त्र मंक आणि नॉर्वेचे सागरशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्द्रुप यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी उभं केलं होतं. आज त्याच पायावर सर्फर सुट्टी आखतात.

आता किनाऱ्यावर येऊ. पाण्याची खोली तरंगलांबीच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतराच्या, निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ ‘लागतो’. ८ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर, तिला तळ कळतो तो ५० मीटर खोलीवर. १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब असते आणि तिला २०० मीटर खोलीवरच तळ जाणवू लागतो. तिथून तिचा वेग मंदावतो, मागची ऊर्जा पुढच्या पाण्यात दाटते आणि उंची वाढते. खोल समुद्रात दोन्ही लाटा दोन-दोन मीटरच्या असल्या, तरी साध्या उतारावर फुटताना ८ सेकंदांची लाट सुमारे अडीच मीटर होते आणि १६ सेकंदांची तीन मीटरच्या वर जाते. समोर प्रवाळाचा खडक एकदम उभा असेल तर ती आणखी फुगते. शिवाय लांब लाट तळाच्या चढउतारांप्रमाणे जास्त वळते. म्हणून ती बेटांना वळसा घालून अशा खाड्यांत शिरते, जिथे छोटी लाट पोहोचतही नाही. मेंतावाईच्या पूर्वेकडच्या काही आडोशाच्या जागा मोठा स्वेल आला की जाग्या होतात त्या यामुळेच.

अशा लाटा एकसारख्या येत नाहीत. पाच-सहा मोठ्या येतात, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा. कारण समूहातल्या लाटांचे आवर्तकाल तंतोतंत एक नसतात. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण किंचित फरक राहिला, की आवाज कसा फुगतो आणि बसतो, तसंच पाण्यात होतं. सर्फर मोठ्या लाटांच्या या झुबक्याला ‘सेट’ म्हणतात. ही मधली शांतता फसवी असते, म्हणून पुढे पुन्हा तिच्याकडे यायचं आहे.

जून ते ऑगस्ट हा दक्षिण गोलार्धाचा हिवाळा. वादळांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, वादळं जोरदार आणि वारंवार होतात, म्हणून लाटांचा पुरवठा तुटत नाही. पण नुसत्या लाटा असून चालत नाही, वाराही हवा तसा लागतो. आपल्याकडे समुद्रावरून येतात ते खारे वारे आणि जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. सर्फरला मतलई वारा लागतो. तो लाटेच्या तोंडावर समोरून येतो, तिला थोडा जास्त वेळ उभी ठेवतो आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत करतो. या महिन्यांत बालीवर आग्नेय व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे उलुवातू, बिंगिन, पदांग-पदांग या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर वारा दिवसभर जमिनीकडून समुद्राकडे असतो, तर पूर्वेकडच्या सानूर आणि नुसा दुआला तो समुद्रावरून येऊन पाणी विस्कटतो. नोव्हेंबरनंतर वारे उलटले की किनाऱ्यांचं नशीबही उलटतं. उलुवातूच्या कड्यावरच्या देवळात आपल्याकडचे पुष्कळ पर्यटक सूर्यास्त बघायला जातात. त्यांनी जरा वेळ खालीही बघावं. लाटांच्या माथ्यावरून मागे उडणारे तुषार दिसले की समजावं, वारा मतलई आहे. मेंतावाई विषुववृत्ताला चिकटून असल्यामुळे तिथे वारा मुळातच मंद आणि फिरता. लाटा आरशासारख्या नितळ मिळतात, पण दुपारच्या गडगडाटी सरीचा भरवसा नसतो.

ज्या दिवसांत ही बेटं गजबजतात, त्याच दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. दक्षिण हिंदी महासागरावरचे हेच आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी होऊन येतात. बालीला ज्यामुळे कोरडं आकाश मिळतं, त्याच वाऱ्यांच्या घराण्यातला पाऊस इकडे कोकणात कोसळतो.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यापुरताच. पण पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, हे सगळीकडे लागू आहे. प्रवाळावर फुटणाऱ्या लाटेसाठी हे महत्त्वाचं, कारण उधाणाच्या ओहोटीला खडकावर कधी कधी गुडघाभरच पाणी उरतं. प्रवाळाची जखम लवकर चिघळते. डॉक्टर बोटीने तासन्‌तास लांब असलेल्या बेटावर तिला क्षुल्लक समजू नये.

हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक वेगळीच गोष्ट बघायची असते: पाणी किती गार आहे. आग्नेय वाऱ्यांमुळे जावा आणि सुमात्राच्या दक्षिण बाजूला खालचं थंड पाणी वर येतं. काही वर्षी हे फार वाढतं, हिंदी महासागराचा पूर्व भाग थंड आणि पश्चिम भाग उबदार होतो. हवामान खात्याच्या बातम्यांत ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणून जे ऐकू येतं त्याची ही ‘धन’ अवस्था, आणि ती असली की आपल्या पावसाला सहसा मदत होते. १९९७ मध्ये एल निनो जबर असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, त्यात या डायपोलचा वाटा मानला जातो. त्याच वर्षी मेंतावाईचे प्रवाळ मात्र मेले. वर आलेल्या थंड पाण्यातली पोषकद्रव्यं आणि इंडोनेशियातल्या वणव्यांची राख यांवर सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढलं आणि त्यात प्रवाळ गुदमरले, असं संशोधकांनी २००३ मध्ये मांडलं. आपल्या शेताला ज्याने हात दिला त्यानेच तिथला खडक उजाड केला, हे वाचलं तेव्हापासून मला डायपोलची बातमी नुसती आनंदाची वाटत नाही.

सुमात्राच्या या किनाऱ्याखाली दोन भूपट्ट एकमेकांत घुसत आहेत, हेही प्रवासाच्या परिस्थितीतच धरायला हवं. २८ मार्च २००५ च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात सुमात्राजवळच्याच नियास बेटाचा किनारा काही ठिकाणी दोन मीटरांहून जास्त वर उचलला गेला आणि तिथल्या लागुंद्रीची प्रसिद्ध लाटच बदलली. तळ वर आला, लाट अधिक उभी फुटू लागली. २५ ऑक्टोबर २०१० ला मेंतावाईजवळ झालेला धक्का अनेकांना तितकासा जोराचा वाटला नाही. पण तो बराच वेळ चालला, आणि मागून आलेल्या त्सुनामीत चारशेहून जास्त माणसं गेली. अशा बेटावर जमीन मिनिटभर हलली, मग ती हळूच का हलेना, तर भोंग्याची वाट न पाहता उंचावर जायचं.

केर्गुलेनजवळून निघालेल्या लाटा फक्त पूर्वेला जात नाहीत. उत्तरेकडे निघालेल्या १८ सेकंदांच्या लाटा सुमारे सहा दिवसांत कोकण किनाऱ्याला लागतात. पावसाळ्यात इथल्याच वाऱ्याने समुद्र ढवळलेला असल्यामुळे त्या कळत नाहीत. कळतात त्या एप्रिल-मेमध्ये, वारा पडलेला आणि किनारे पर्यटकांनी भरलेले असताना. केरळात याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. एप्रिल २०२४ च्या अखेरीस सुमारे दहा हजार किलोमीटरवर उठलेल्या लाटा ४ मेला लक्षद्वीपला आणि मग केरळला पोहोचल्या. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने इशारे दिले होते. तरीही ६ मेला कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले.

‘इन्कॉइस’च्या इशाऱ्यात लाटेच्या उंचीसोबत सेकंदही दिलेले असतात. मे महिन्यात गणपतीपुळ्याला, गुहागरला किंवा तारकर्लीला जाल तेव्हा तो आकडा बघा. पंधराच्या वर असेल तर पाण्यात पाय टाकण्याआधी वाळूवर घड्याळ लावून वीस मिनिटं बसा, पोरांनाही बसवा. पहिली दहा मिनिटं समुद्र तळ्यासारखा दिसेल. मोठ्या लाटांचा झुबका त्यानंतरही येऊ शकतो.