जपानमध्ये दातांच्या डॉक्टरकडे: विम्याची पात्रता, कागदपत्रं आणि कामापुरती जपानी

कीड साफ करून दात भरणं, रूट कॅनाल, दाढ काढणं, हिरड्यांचे उपचार हे सगळं जपानच्या सार्वजनिक आरोग्य विम्यात बसतं. त्यामुळे वाक्यं पाठ करण्याआधी विमा पक्का करा. तीन महिन्यांहून अधिक मुदतीचा निवास परवाना असेल, तर विमा घेणं बंधनकारकच आहे. नोकरदारांचा ‘शाकाइ होकेन’ कंपनी काढते. विद्यार्थी, स्वतःचा व्यवसाय असणारे आणि कंपनीचा विमा नसलेले बाकीचे लोक ‘कोकुमिन केंको होकेन’मध्ये येतात.

हा दुसरा विमा शियाकुशो किंवा कुयाकुशोत, म्हणजे नगर किंवा वॉर्ड कार्यालयात मिळतो. राहायला आल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि विमा काढण्याची मुदतही १४ दिवसांचीच आहे, म्हणून दोन्ही कामं एकाच खेपेत करा. घरातल्या प्रत्येकाचं झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं निवास कार्ड) आणि पासपोर्ट न्या. खिडकीवर एवढं म्हटलं तरी पुरे: ‘कोकुमिन केंको होकेन नि हाइरिताइ देस.’ उशीर केलात तर हप्ता अर्जाच्या तारखेपासून नाही, पात्र झालात त्या दिवसापासून भरावा लागतो. मधल्या काळातलं बिल मात्र सहसा पूर्ण तुमच्याच माथी. नोकरी बदलताना नेमकं हेच होतं. जुन्या कंपनीचा विमा संपल्यावर मध्ये काही आठवड्यांचं अंतर असेल, तर ‘शिकाकु सोशित्सु शोमेइशो’ हे विमा संपल्याचं पत्र मागून घ्या आणि १४ दिवसांत कार्यालय गाठा.

जोडीदाराचं नाव ‘फुयो’ (तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून कंपनीच्या विम्यात घालता येतं. त्यासाठी जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न साधारणपणे १३ लाख येनच्या आत हवं आणि मुक्काम जपानमध्येच हवा. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा खर्च शंभर टक्के खिशातून होतो, म्हणून त्यांच्या प्रवास विम्यात दातांचं काय लिहिलंय ते निघण्याआधीच वाचा.

२ डिसेंबर २०२४ पासून जुनं विमा कार्ड नव्याने देणं बंद झालं. आता माय नंबर कार्डावर (सरकारी ओळखपत्रावर) विम्याची नोंद करायची. ते कार्ड नसेल तर ‘शिकाकु काकुनिन्शो’ हा विम्याच्या पात्रतेचा कागद दाखवायचा. दवाखान्यातल्या यंत्रात कार्ड ठेवलं की चेहरा किंवा चार आकडी पिन मागितला जातो. परदेशी माणसाची गाडी अडते ती दुसरीकडेच: व्हिसाची मुदत वाढली तरी माय नंबर कार्डाची आपोआप वाढत नाही. नवं झाइर्यू कार्ड हातात आलं की जुनी मुदत संपायच्या आत नगर कार्यालयात जाऊन ती वेगळी वाढवून घ्यावी लागते, नाहीतर कार्ड रद्द होतं. ओळख पटली नाही तर त्या दिवशी पूर्ण बिल भरून पावती जपून ठेवा; परताव्यासाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

आता फोन. ‘हाजिमेते नान देस गा, योयाकु वा तोरेमास का?’ म्हणजे पहिल्यांदाच येतोय, वेळ मिळेल का. दुखणं जोराचं असेल तर आधीच ‘हा गा इताइ देस’ (दात दुखतोय) सांगा, म्हणजे मधे कुठेतरी जागा काढतात. उच्चारात मराठी माणसाची सोय आहे: ‘त्सु’ म्हणताना ‘चूल’मधला च धरा, ‘झु’साठी ‘झाड’मधला झ.

पोचल्यावर ‘मोन्शिनह्यो’ नावाचा अर्ज भरायला मिळतो. त्यात फुरिगाना म्हणजे नावाचा उच्चार काताकाना या जपानी लिपीत लागतो, तो घरूनच लिहून न्या. जन्मवर्ष जपानी शकात मागितलं तर १९८९ नंतरच्या हेइसेइसाठी इसवी सनातून १९८८ वजा करा, त्याआधीच्या शोवासाठी १९२५. औषधाची ॲलर्जी (आरेरुगि), चालू औषधं, रक्तदाब आणि गर्भारपण (निन्शिनच्यू) हे रकाने रिकामे सोडू नका, भूल देण्याआधी डॉक्टर तेच बघतात.

दुखण्याचं वर्णन नेमकं करा, त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. ठणका लागला असेल तर ‘झुकिझुकि शिमास’. गार पाण्याने शिवशिवत असेल तर ‘त्सुमेताइ मोनो गा शिमिमास’. चावताना दुखत असेल तर ‘कामु तो इताइ देस’. भरलेलं सिमेंट पडलं असेल तर ‘त्सुमेमोनो गा तोरेमाशिता’. दाढ ‘ओकुबा’, अक्कलदाढ ‘ओयाशिराझु’, हिरडी ‘हागुकि’. जागा सांगताना उजवीकडे वर ‘मिगि उए’, डावीकडे खाली ‘हिदारि शिता’.

खुर्चीत बसल्यावर तुम्ही बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. ‘ताओशिमास’ म्हणजे खुर्ची आडवी होतेय, ‘आकेते’ म्हणजे तोंड उघडा, ‘कान्दे’ म्हणजे दात मिटा, ‘युसुइदे’ म्हणजे चूळ भरा. ‘इताकात्तारा हिदारिते ओ आगेते कुदासाइ’, म्हणजे दुखलं तर डावा हात वर करा. उजवा करू नका. बहुतेक डॉक्टर उजव्या बाजूला बसतात, हात थेट हत्यारांना लागेल. कीड ‘सी वन’पासून ‘सी फोर’पर्यंत मोजतात. ‘सी थ्री’ ऐकलात तर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली, रूट कॅनाल आलाच.

भारतातल्या सवयीने एकाच दिवसात सगळं होईल असं धरू नका. दात साफ करायला गेलात तरी विम्याच्या नियमांप्रमाणे आधी हिरड्यांची तपासणी होते, मग सफाई, तीही अनेकदा दोन-तीन खेपांत. रूट कॅनालला तर आठवडे लागतात.

पैशांचं बोलणं काम सुरू होण्याआधीच करा: ‘होकेन दे ओनेगाइ शिमास’, म्हणजे विम्यातलेच उपचार करा. विम्यात तुमचा वाटा ३० टक्के, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी २० टक्के. त्यातही बऱ्याच नगरपालिका मुलांना आणखी सवलत देतात, त्याचं वेगळं कार्ड दरवेळी दाखवावं लागतं. विम्यातली टोपी अनेकदा चंदेरी धातूची असते. पांढरी टोपीही काही दातांना अटींवर मिळते, तेव्हा विचारा. सिरॅमिक, दात पांढरे करणं आणि सहसा इम्प्लांट हे ‘जिहि’, म्हणजे पूर्ण स्वखर्चाने. त्याचे दर प्रत्येक दवाखान्याचे वेगळे, म्हणून ‘मित्सुमोरि’, म्हणजे खर्चाचा अंदाज, लेखी घ्या. लहान दवाखान्यांत कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

औषधाची चिठ्ठी (शोहोसेन) दिलेला दिवस धरून चारच दिवस चालते. ‘र्योशूशो’ म्हणजे पावत्या टाकू नका. घरातल्या सगळ्यांचा वर्षाचा वैद्यकीय खर्च १ लाख येनच्या वर गेला, किंवा उत्पन्न २० लाख येनपेक्षा कमी असताना त्याच्या ५ टक्क्यांवर गेला, तर वरच्या रकमेवर करसवलत मागता येते.