पिंप न उघडता आतलं युरेनियम मोजायचं कसं?

युरेनियमच्या कारखान्यातून निघणारा कचरा दिसायला अगदी साधा असतो, रबरी हातमोजे, पुसायची फडकी, हवेचे फिल्टर, कापलेले पाइप, फक्त सगळ्याला कमीजास्त युरेनियम लागलेलं. हे 200 लिटरच्या स्टीलच्या पिंपात भरून सील करतात आणि मग खरी पंचाईत सुरू होते, की आत युरेनियम नेमकं किती? उघडून बघावं तर धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते. आणि मूठभर सँपल काढलं तरी उपयोग नाही, कारण आत एका कोपऱ्यात काहीच नसतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात सगळा गठ्ठा.

म्हणून बाहेरूनच मोजायचं. पिंप फिरत्या टेबलावर ठेवतात आणि शेजारी जर्मेनियमचा डिटेक्टर असतो, बहुतेक वेळा लिक्विड नायट्रोजनने उणे 196 डिग्रीच्या आसपास थंड केलेला. युरेनियममधून निघून त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या गॅमा किरणांची (क्ष-किरणांसारख्या, आरपार जाणाऱ्या किरणांची) ऊर्जा तो टिपतो. युरेनियमचे मुख्य प्रकार दोन, सहज फुटणारं 235 आणि निसर्गात बहुतांश असणारं 238. युरेनियम-235 ची खूण 186 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे किरणाची ऊर्जा मोजायचं एकक) दिसते, युरेनियम-238 ची 1001 ला. (ही दुसरी खूण खरं तर त्याच्यापासून तयार होणाऱ्या प्रोटॅक्टिनियमची, त्यामुळे युरेनियम नुकतंच शुद्ध केलेलं असेल तर ती पूर्ण जोरात दिसायला काही महिने जावे लागतात.)

आता गंमत बघा. एक ग्रॅम युरेनियम-235 सेकंदाला 186 वाले साधारण 45 हजार किरण सोडतं, आणि एक ग्रॅम 238 मधून 1001 वाले निघतात जेमतेम शंभर. मग 186 वरच भिस्त ठेवावी ना? तिथेच फसायला होतं. युरेनियम इतकं जड आणि दाट आहे की ते स्वतःचेच किरण गिळतं. 1 मिलिमीटर जाडीच्या युरेनियमच्या पत्र्याला आरपार जाताना 186 वाल्या शंभर किरणांतले पाच-सहाच शिल्लक राहतात, 1001 वाले मात्र 85 च्या वर सुटतात. म्हणजे तेवढंच युरेनियम भुकटी होऊन फडक्यांवर पसरलेलं असेल तर डिटेक्टरला भरपूर दिसतं आणि तेच ढेकूळ होऊन पडलं असेल तर थोडंसंच, घोळक्याच्या मधला माणूस बाहेरून दिसत नाही तसं. माझ्या मते या सगळ्या मोजणीतली खरी डोकेदुखी हीच आहे, यंत्र कितीही महागडं आणा.

यावर एक युक्ती आहे. प्रोटॅक्टिनियमचा 766 वाला अजून एक किरण असतो, तो 1001 पेक्षा जास्त अडतो, त्यामुळे दोघांचं प्रमाण किती बिघडलंय यावरून वाटेत किती आडोसा होता याचा अंदाज बांधता येतो. जपानमध्ये निंग्यो-तोगेला, जिथे 1955 साली युरेनियमचा साठा सापडला आणि पुढे एनरिचमेंटही (म्हणजे 235 चं प्रमाण वाढवण्याचं काम) चाललं, तिथल्या पिंपांसाठी गॅमा आणि न्यूट्रॉन अशा दोन्ही बाजूंनी काम झालंय.

न्यूट्रॉनची, म्हणजे अणूच्या गाभ्यातून बाहेर पडणाऱ्या विद्युतभार नसलेल्या कणांची, गोष्ट वेगळी. प्लुटोनियम या दुसऱ्या अणुइंधनातल्या प्लुटोनियम-240 चा एक ग्रॅम आपणहून सेकंदाला हजारभर न्यूट्रॉन सोडतो, युरेनियम-238 चा अख्खा किलो तेरा-चौदा, त्यामुळे युरेनियमला डिवचावं लागतं. अमेरिकेत लॉस अलामॉसला यासाठी शफलर नावाचं यंत्र तयार झालं. कॅलिफोर्नियम-252 चा छोटासा सोर्स केबलने पिंपाजवळ सरकवायचा, त्याच्या न्यूट्रॉनांनी काही सेकंदांत आतल्या युरेनियमचं विखंडन होतं (म्हणजे त्याचे काही अणू फुटतात), लगेच सोर्स मागे ओढून घ्यायचा आणि उशिराने निघणारे न्यूट्रॉन मोजायचे. युरेनियम-235 च्या शंभर विखंडनांमागे असे उशिराचे न्यूट्रॉन दीडेकच, म्हणून हे पुढे-मागे बऱ्याचदा करावं लागतं. शिवाय त्या सोर्सचं अर्धायुष्य 2.6 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याची ताकद निम्मी होते आणि ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

न्यूट्रॉनला ढेकूळ किंवा लोखंड फारसं नडत नाही, त्याला नडतो हायड्रोजन, म्हणजे प्लास्टिक, कागद, ओलावा. त्यामुळे लोखंडी भंगाराच्या पिंपाला न्यूट्रॉन बरा आणि हातमोज्यांच्या पिंपाला गॅमा, असं साधारण ठरवतात, आणि खात्री नसेल तर दोन्ही.

एका पिंपात चूक झाली तर काय एवढं, असं वाटेल. पण समजा एक हजार पिंपं आहेत, प्रत्येकावर 50 ग्रॅम युरेनियम-235 लिहिलंय आणि गणित एकाच चुकीच्या गृहीतकावर केल्यामुळे सगळीकडे 20 टक्के कमी धरलं गेलंय. अशा चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्या साठत जातात, आणि तब्बल साडेबारा किलो हिशोबाबाहेर राहतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अतिसमृद्ध युरेनियममधल्या 235 चे 25 किलो म्हणजे बॉम्बच्या दृष्टीने काळजीचं प्रमाण मानते. म्हणूनच खरी पिंपं मोजण्याआधी मुद्दाम बनवलेली पिंपं मोजतात, ज्यात ठाऊक वजनाचं युरेनियम कधी मधोमध, कधी तळाशी, कधी कडेला दडवलेलं असतं, आणि यंत्र प्रत्येक वेळी किती चुकतं ते लिहून ठेवतात.