तांदळातला खडा आणि फुप्फुसातला गोरिला

तांदूळ निवडायला बसा. काळा खडा लगेच डोळ्यांत भरतो, मग ताटात तांदूळ मूठभर असोत की किलोभर. पांढरी गार मात्र बोटांनी दाणे सारत शोधावी लागते. तरी एखादी दाताखाली येतेच.

अ‍ॅन ट्राइझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये हा फरक उलगडून दाखवला. वस्तू नुसत्या रंगाने वेगळी असेल तर मेंदू सगळं ताट एका दमात चाळतो. रंग आणि आकार जुळवूनच ओळख पटणार असेल, तर लक्षाला जागोजाग थांबत जावं लागतं.

फिरतं ते लक्ष, डोळेच असं नाही. समोर बघता बघता कडेच्या माणसावर लक्ष ठेवणं वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही जमतं! जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच ते पडताळलं होतं. अंधारात मांडलेली अक्षरं, क्षणभर चमकणारी ठिणगी आणि मधल्या बिंदूवर खिळलेली नजर. ठिणगीआधी मनाने ज्या बाजूला लक्ष दिलं, तिथलीच अक्षरं त्याला वाचता आली.

मग नको असलेल्याचं काय होतं? १९८५ मध्ये मोरान आणि डेसिमोन यांनी माकडाच्या मेंदूतल्या, दृष्टीचं काम करणाऱ्या एकेका पेशीचे विद्युत संकेत टिपले. पेशी दृश्याचा जेवढा भाग बघते, त्या टापूत दोन आकृत्या होत्या, एक तिला चेतवणारी, दुसरी नाही. माकडाने दुसऱ्या आकृतीकडे लक्ष दिलं की पहिली समोर असूनही पेशी बरीचशी थंडावायची. म्हणजे गाळणी डोळ्यात नाही, मेंदूत आहे.

ही गाळणी कामाचंही गाळते. २०१३ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र घातलेलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. नजरेचा माग घेणारं यंत्र सांगत होतं, की त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी थेट गोरिलावरच नजर टाकली होती. याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. ते गाठी शोधत होते आणि मेंदू त्यांना गाठीच दाखवत होता. शिवाय डॉक्टर नसलेल्या २५ जणांनाही तेच स्कॅन दाखवले, तेव्हा गोरिला एकालाही दिसला नाही.