पोर खेळतंय, मग गोळ्या कशाला?

लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो रक्ताचा, आणि त्यातही ‘ए.एल.एल.’ (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा प्रकार. १९४८ पूर्वी असं मूल निदानानंतर काही महिन्यांत जायचं. त्या वर्षी बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. हे औषध जिथे तयार झालं, तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आज प्रगत देशांत दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे कमी, पण औषधं बहुतेक तीच आहेत. मुलं निसटतात ती मधल्या वाटेवर.

पहिला महिना सगळ्यात कठीण. स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अस्पॅरजिनेज. मेंदूपर्यंत बरीचशी औषधं नीट पोचत नाहीत, म्हणून पाठीच्या कण्यातून वेगळं इंजेक्शन. महिनाअखेर तपासणीत बोनमॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) स्वच्छ दिसली, की डॉक्टर म्हणतात, ‘रिमिशन’, म्हणजे आजार मागे हटला. घरच्यांना वाटतं, सुटलो.

इथेच हिशोब समजून घ्यायला हवा. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाला त्या सहज सापडत नाहीत. म्हणून आता दहा हजारांत एक पेशी शोधणारी ‘एम.आर.डी.’ तपासणी करतात आणि पुढचे उपचार किती कडक ठेवायचे, ते तिच्यावरून ठरवतात.

काही महिन्यांच्या आणखी कडक औषधांनंतर लांबचा टप्पा लागतो, बहुतेक दोन वर्षांच्या आसपास. रोज रात्री मर्केप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, म्हणजे फार्बरांच्या त्या औषधाचंच भावंड. डोस उंची-वजनावर ठरतो, त्यामुळे कधी एक दिवस अख्खी गोळी, दुसऱ्या दिवशी अर्धी. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. इंदूरच्या मराठी घरांत भिंतीवर कालनिर्णय असतंच, म्हणून त्यात मेथोट्रेक्सेटच्या वारावर लाल गोल करावा आणि गोळी पोटात गेल्यावरच फुली मारावी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात शंभरातल्या पाचपेक्षा जास्त गोळ्या चुकलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. उलटलेला आजार बरा करणं कितीतरी अवघड.

आणि याच काळात केस परत आलेले असतात, पोर शाळेत जातं. काकू-मावश्या विचारतात, “आता कशाला एवढी औषधं?” धार-झाबुआ-बडवानीहून येणाऱ्यांचा तर प्रत्येक फेरीला दिवसाचा रोज बुडतो. आयुष्मान कार्डातून उपचार निघतात, बुडलेली मजुरी नाही. ती सोय झाल्याशिवाय अर्धवट उपचार सोडणाऱ्या आईबापांना बोल लावणं मला पटत नाही.

दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना सराफ्यातली, म्हणजे रस्त्यावरची चाट नको; घरचे गरम पोहे खुशाल द्यावेत. आणि ताप १००.४ वर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, की मूल केमोवर आहे.