भुलणारे ‘ते’ लोक

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीचा पेपर पुण्यात हातात घेतला, की पहिली बातमी सापडायला दोन-चार पानं उलटावी लागतात. आधी पानभर सोनं, मग पानभर फ्लॅट, मग दुचाकी, टीव्ही, फ्रीज आणि मग कधीतरी पंतप्रधान. वाचणाऱ्याला विचारा, या जाहिरातींचा तुमच्यावर काही परिणाम होतो का? ‘छे! आम्ही ती पानं बघतसुद्धा नाही. भुलणारे भुलतात.’ हे उत्तर पुण्यात जरा ठसक्यात मिळतं इतकंच, मिळतं मात्र जगभर. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1983 मध्ये त्याला नाव दिलं: थर्ड पर्सन इफेक्ट. प्रचार माझ्यावर चालत नाही, तुमच्यावरही फारसा नाही, तो चालतो ‘त्या’ लोकांवर, असं बहुतेकांना मनापासून वाटतं. आता जो तो ‘त्या’ लोकांकडे बोट दाखवत असेल, तर एवढी पानं विकत घेणारे सगळे वेडे म्हणायचे का?

वेडे नाहीत. जाहिरात पाहिली, उठलो आणि दुकानात गेलो, असं झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही, हा आपला हिशेब कच्चा आहे.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह केलेला, 1969 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांत विद्यार्थ्यांची वर्तमानपत्रं निघत. त्यांत एक छोटी चौकट छापून येऊ लागली आणि तिच्यात एखादाच अनोळखी शब्द: कादिरगा, सारिचिक, नानसोमा. खाली खुलासा नाही, काही नाही. एखादा शब्द एकदाच आला, एखादा 25 वेळा. शिवाय एका विद्यापीठात जो शब्द भरपूर वेळा छापला, तोच दुसरीकडे क्वचित. शेवटी वाचकांना विचारलं, या शब्दाचा अर्थ काहीतरी चांगला असेल की वाईट? जो शब्द जास्त वेळा नजरेखालून गेला होता, तो लोकांना जास्त ‘चांगला’ वाटला. ना वस्तू, ना भाव, ना हसणारी नटी. नुसती ओळख.

नळस्टॉपच्या सिग्नलला उभं असताना किंवा पीएमपीच्या बसमागे रांगत असताना आपण जे बोर्ड ‘बघत नाही’, त्यांचं काम असं चालतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्सही याच जातीचे. भाऊंनी वॉर्डात काय केलं हे त्यावर नसतंच. चेहरा मात्र चौकाचौकात असतो, आणि निवडणुकीपर्यंत तो ओळखीचा झालेला असतो. चौक विद्रूप करणाऱ्या त्या फ्लेक्सचा मला मनस्वी राग आहे, पण ते लावणाऱ्याला माणसाचं मन कळत नाही, असं काही मी म्हणणार नाही.

ओळखीमुळे नुसती आवड वाढते असंही नाही, खरेपणाही वाढतो. 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून साठ-साठ विधानं ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. त्यातली वीस प्रत्येक वेळी तीच होती. तीच ती विधानं, खरी असोत की खोटी, दर खेपेला अधिक खरी वाटत गेली. ‘दात मजबूत’ हे शंभरदा कानावर पडलं, की मजबूत म्हणजे नक्की किती, हे विचारायचं राहूनच जातं.

यावर कोणी म्हणेल, टूथपेस्टचं ठीक आहे, पण फ्लॅट घेताना आम्ही डोकं चालवतो. यात तथ्य आहे. पेटी, कॅसिओपो आणि शूमन यांनी 1983 मध्ये दाढीच्या रेझरच्या जाहिराती वापरून हेच दाखवलं. ज्यांना रेझर निवडायचाच नव्हता, त्यांच्यावर जाहिरातीतल्या नामवंत खेळाडूंची छाप पडली. ज्यांना खरोखर निवड करायची होती, त्यांनी चेहरा सोडून रेझरचे गुण तपासले. पण फ्लॅटच्या बाबतीत आपल्याला खेचतो तो आकडा.

1974 मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते मुद्दाम अशा बेताने केलेलं, की 10 वर तरी थांबावं नाहीतर 65 वर. मग प्रश्न: संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज 25, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी संबंध नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरी मन त्या आकड्याभोवती घुटमळलं. याला अँकरिंग म्हणतात. 1987 मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अ‍ॅरिझोनातल्या घरांच्या दलालांना एक खरं घर फिरवून दाखवलं, सगळी माहिती दिली, फक्त विकणाऱ्याने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. दलालांचे अंदाज त्या किमतीमागे सरकले. विचारल्यावर बहुतेकांनी दुसरीच कारणं दिली. यात मुरलेल्या माणसांची ही गत! मग पानभर जाहिरातीतलं ‘95 लाख’ खोडून लिहिलेलं ‘82 लाख’ स्वस्त न वाटलं तरच नवल. 82 सुद्धा त्यांनीच सांगितलेले असतात.

आता तुळशीबागेत चला. पर्सचा भाव विचारा.

‘साडेसातशे ताई. तुमच्यासाठी साडेसहाशे.’

‘नीट सांगा दादा. चेन अडकतेय बघा. आतून अस्तर नाही. एका पावसात रंग जाईल याचा. तीनशेला देता का?’

ही घासाघीस म्हणजे चिकटपणा, असं म्हणणाऱ्यांनी 2000 मधला एक जर्मन प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. मुसवायलर, स्ट्राक आणि फायफर यांनी गाड्यांचे मेकॅनिक आणि विक्रेते गाठून एका दहा वर्षं जुन्या गाडीची किंमत विचारली. विचारताना काहींपुढे सहज 2800 मार्कांचा (तेव्हाचं जर्मन चलन) आकडा टाकला, काहींपुढे 5000 चा. अंदाज अपेक्षेप्रमाणे त्या त्या आकड्याकडे झुकले. पण ज्यांना ‘हा आकडा बरोबर नाही असं कशावरून म्हणता येईल?’ असंही विचारलं होतं, त्यांच्यावरचा प्रभाव बराच कमी झाला. चेन, अस्तर आणि रंगात खोट काढणाऱ्या काकू नेमकं हेच करतात. भाव पडतो तो नंतर, आधी त्या मनातला साडेसातशेचा खुंटा उपटतात.

मोबाइलवर मात्र हुज्जत घालायला समोर कोणी नसतं. तिथे असतं ‘फक्त 2 शिल्लक’. वर्चेल, ली आणि अ‍ॅडेवोले यांनी 1975 मध्ये तीच बिस्किटं कोणाला दहांच्या बरणीतून दिली, कोणाला दोनांच्या. दोनांच्या बरणीतली जास्त हवीशी वाटली. आणि बरणीत दहा होती, पण डोळ्यांदेखत दोनच उरली, तेव्हा तर सर्वाधिक. संपत चाललेली वस्तू मुळात थोड्या असलेल्या वस्तूहूनही जास्त ओढते. म्हणून पडद्यावरचं घड्याळ उलटं पळतं. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्यांना मनाई केली आहे आणि खोटी घाई ही त्यातलीच एक. माल भरपूर असताना ‘संपत आला’ म्हणणं आता नियमात बसत नाही.

गुरुपुष्यामृत मात्र नियमात बसतं. तो योग खरोखरच ठरलेल्या वेळी संपतो, त्यात खोटी घाई नाही.