पदकाच्या कडेवर गाव नसतं

मोडीत आलेल्या चांदीत किंवा जुन्या भांड्यांच्या ढिगात सोलापुरात कधी एखादं पदक निघतं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं तर पटकन वेगळं ओळखू येणार नाही.

हे पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’. शिपायाला चांदीचं, मजूर पलटणींतल्या माणसांना ब्राँझचं. चांदी तीन तोळ्यांच्या घरात, आणि तीच त्याच्या मुळावर आली. दुष्काळात, लग्नकार्यात असा ऐवज आधी सराफाकडे जातो. १९८० च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हा जगभर अशी कितीतरी पदकं आटवली गेली. सोलापुरात आणखी एक कारण असावं, असं मला वाटतं. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला चौघे स्वातंत्र्यसैनिक फासावर गेले. त्यानंतर बादशहाचं डोकं छातीवर लावून पेठेतून कोण हिंडणार?

जे वाचलं, त्याच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. गाव नाही. नाव इंग्रजी स्पेलिंगात मोडलेलं, म्हणून पदकाच्या धन्याचं घर शोधताना नंबर आणि पलटणच कामाला येते. त्यातही १९२२ मध्ये पलटणींचे आकडे बदलले. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. ही १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीने संपला. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली गेली; हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा.

नावं राहिली ती युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’च्या नोंदवह्यांत. तिथे पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, शोलापूर’ असं सापडतं, आणि शोध तिथून गावात उतरतो. यातली उलटी गंमत अशी, की ही नोंद फक्त मेलेल्याची. जो घरी परतला, शेती केली, म्हातारा होऊन गेला, त्याचं घर शोधणं जास्त कठीण. काही गावांत महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही किती गेले आणि किती कामी आले, एवढेच आकडे.

दुसऱ्या महायुद्धाचं काम थोडं सोपं. ब्रिटनने आपल्या शिपायांना ती पदकं कोरी दिली, हिंदी सैन्याने बहुतेक नाव घालून.

गाव कळलं की तलाठ्याकडचे वारसांचे फेरफार बघायचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि मराठा पलटण असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे विचारायचं. वारस भेटेपर्यंत चौथी पिढी आलेली असते आणि पदक एकच असतं. मग ते थोरल्या पातीकडे पुण्याला द्यायचं, की गावात राहून घर राखणाऱ्या धाकट्याकडे, हे भावकीत बसून ठरतं.