राष्ट्रीय क्रांतिकारी मिलिशिया, क्यूबा

क्यूबातील क्रांतीनंतर (१९५९) परकीय आक्रमणाच्या भीतीपोटी उभारलेली सशस्त्र नागरिकांची दले. स्पॅनिश नाव ‘मिलिसियास नासिओनालेस रेवोलुसिओनारियास’. कारखाने, ऊसमळे, कचेऱ्या व विद्यापीठे यांतील स्त्री-पुरुष रोजचे काम सांभाळून कवायत करीत. निळा सदरा व हिरवी विजार हा त्यांचा ओळखीचा वेश.

स्थापनेची तारीख सहसा २६ ऑक्टोबर १९५९ देतात. त्याआधी पाच दिवस हवाई दलाचा फरारी माजी प्रमुख पेद्रो लुइस दियास लान्स याने फ्लोरिडाहून विमान आणून हवानावर पत्रके टाकली होती; त्यानंतरच्या सभेत फिदेल कास्त्रोने मिलिशियाची घोषणा केली. काही लेखक आरंभ पिनार देल रिओ प्रांतातील ‘लोस मालागोनेस’ या बारा शेतकऱ्यांच्या तुकडीपर्यंत मागे नेतात. लेआंद्रो रोद्रिगेस मालागोन हा तिचा म्होरक्या. मात्र ही तुकडी डोंगरातल्या एका बंडखोर टोळीच्या मागावर धाडलेली होती. तिला नमुना म्हणता येईल. देशव्यापी संघटनेचा आरंभ ऑक्टोबरात मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

माणसे मिळाली, अडचण होती काडतुसांची. बेल्जियमकडून घेतलेल्या एफएएल रायफलीला ७.६२×५१ मिमी. काडतूस लागे, तर चेकोस्लोव्हाकियाच्या एम-५२ रायफलीला ७.६२×४५ मिमी. सोव्हिएत पीपीएसएच सबमशीनगनचे काडतूस ७.६२×२५ मिमी. होते. तिन्हींवर आकडा ७.६२ च, पण कवचाची लांबी वेगळी, म्हणून एकाचे दुसऱ्यात चालत नाही. पेटीवरचा पहिलाच आकडा वाचून माल उचलला तर बंदूक असून नसल्यासारखी. त्यामुळे एका बटालियनला शक्यतो एकाच जातीचे हत्यार देणे सोयीचे. एम-५२ ला दहा काडतुसांचे मॅगझिन व उजव्या अंगाला घडी होणारी कायमची संगीन असे. तिचे काडतूस चेकोस्लोव्हाकियाबाहेर फारसे प्रचलित नव्हते, म्हणजे पुरवठ्याची वाट मुख्यतः एकच. बेल्जियन दारूगोळा आणणाऱ्या ‘ला कूब्र’ जहाजावर ४ मार्च १९६० रोजी हवाना बंदरात स्फोट झाला. क्यूबाने हा घातपात ठरवला. तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

६२ किमी. ची पायपीट ही प्रशिक्षणाची प्रसिद्ध कसोटी. मिलिशियाच्या तुकडीप्रमुखांसाठी मातान्सास येथे शाळा होती. तिचा प्रमुख होसे रामोन फर्नांदेस हा पेशाने लष्करी अधिकारी.

१७ एप्रिल १९६१ रोजी सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने तयार केलेली, सुमारे १,४०० क्यूबन निर्वासितांची ब्रिगेड २५०६ पिग्सच्या उपसागराच्या भागात प्लाया लार्गा व प्लाया हिरोन या किनाऱ्यांवर उतरली. पहिला सामना सिएनफुएगोसच्या ३३९ व्या मिलिशिया बटालियनच्या माणसांशी झाला. मातान्सासच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी त्याच दिवशी पाल्पिते गाव परत घेतले. किनाऱ्यामागच्या सापाता दलदलीतून जाणाऱ्या रस्त्यांना आडोसा नव्हता, की बाजूला उतरायला कोरडी जमीन. १८ एप्रिलला बसमधून निघालेल्या मिलिशियावर ब्रिगेडच्या बाजूच्या बी-२६ बाँबफेकी विमानांनी हल्ला केला. विमानांवर क्यूबन हवाई दलाचीच चिन्हे रंगवलेली असल्याने शत्रू ओळखणे अवघड होते. ‘कुआत्रो बोकास’ (चारतोंडी) हे चेक विमानवेधी हत्यार, म्हणजे एका गाड्यावर बसवलेल्या चार १२.७ मिमी. मशीनगन, बऱ्याच ठिकाणी किशोरवयीन मुले चालवीत होती. १९ एप्रिलला लढाई संपली. मिलिशियाने शत्रूला किनाऱ्याजवळ अडवून वेळ मिळवून दिला. निकालात नियमित सैन्याचे रणगाडे आणि शत्रूची रसद-जहाजे बुडवणारी मोजकी विमाने यांचा वाटा अधिक धरावा लागतो.

१९८० मध्ये ‘प्रादेशिक सैन्य मिलिशिया’ या नावाने नवे नागरी दल उभारण्यात आले.